छताचं कापड

आमच्या फियाटच्या छताचं कापड पहिल्यांदा फाटलं ते एका लग्नात. आगरी लग्नात नवरीची गाडी सजवायची म्हणजे बाहेरून झेंडूच्या माळा आणि आतून चमकीच्या पताका. पताका अडकवायला कुणीतरी टाचण्या घेतल्या, टाचण्या संपल्यावर स्टेपलर आणला. जासई, चिर्ले, धुतूम, गव्हाण, आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या याचा हिशेब आई ठेवते. कधी बावीस म्हणते, कधी चोवीस. प्रत्येक लग्नानं छताला पाच-सहा भोकं पाडली. भोकांच्या रेघा झाल्या, रेघांच्या चिरा झाल्या आणि पाहता पाहता ते पांढरं रेक्झिन मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलं. मागं बसणाऱ्याच्या डोक्याला ते लागायचं. पुढं बाबांच्या टोपीला लागायचं. बाबा टोपी काढून मांडीवर ठेवायचे, पण तक्रार करायचे नाहीत.

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच. बाबांनी ती १९९३ साली पेणच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. आमच्या पट्ट्यातल्या माणसाच्या दारात गाडी दिसली की बाहेरचा माणूस लगेच समजतो, जमिनीचे पैसे. बोलून दाखवत नाही, पण नजरेत कळतं. ही गाडी त्या पैशांची नव्हे, दगडाच्या भुशाची आहे. बाबा जासईच्या डोंगरातल्या खाणीवर क्रशर चालवायचे. वीस वर्षं त्या यंत्राच्या शेजारी उभे राहिले. खडी पडायची, भुसा उडायचा, म्हणून सगळी माणसं नाकातोंडाला फडकं बांधायची. कानाला कुणी काही बांधत नव्हतं. कानात धूळ जाते असं कुणाला वाटलंच नाही.

त्याचा परिणाम पन्नाशीनंतर दिसायला लागला. बाबांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. ही गोष्ट कान शाबूत असलेल्या माणसाला समजवायला अवघड आहे. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानातून आधी बारीक, टोकदार आवाज जातात. म्हणजे स, त, क, फ ही अक्षरं. आ, ओ, ऊ राहतात. त्यामुळं ‘पाऊस’ म्हटलं तर त्यांना ‘आऊ’ ऐकू येतं, बाकीचं ते तोंडाकडं बघून लावतात. घरात, समोरासमोर बसून, शांत वेळी सगळं नीट चालतं. पण आमच्याकडं शांत वेळ कुठली? न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि गावावरून कंटेनरचे ट्रेलर जायला लागले. मग विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडायला घेतला. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरचे पेले हलायचे.

आणि फियाटमध्ये तर बाबा पूर्ण बहिरे. कानात मशीन घातलं तरी. मशीनला माणसाचा शब्द आणि पत्र्याची थरथर यांत फारसा फरक कळत नाही, दोन्ही वाढवून देतं. मग बाबा मशीन काढून खिशात टाकायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. आई मागं बसून सगळ्या वाटेनं बोलायची, ते नुसती मान हलवायचे. आईला माहीत होतं ते ऐकत नाहीत. तरी बोलायची. तीस वर्षं एका गाडीत बसून दोघं वेगवेगळ्या गावाला गेल्यासारखी जायची.

म्हणून मी ठरवलं, छत बदलायचंच आहे तर आतला आवाजही मारू. नव्या गाड्यांत पत्र्याला आतून जाड, चिकट शीट लावलेली असते. गॅरेजवाले त्याला डॅम्पिंग म्हणतात. गाणी ऐकणारे शौकीन लोक दारात मोठे स्पीकर बसवतात तेव्हा तेही लावतात. माझ्या पुतण्याचं म्हणणं असं की गाडी भंगारात द्यावी. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं पुन्हा पासिंग करायची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, आणि दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. सरकारी नियमात ‘विंटेज’ म्हणून मान मिळवायला गाडी पन्नास वर्षांची लागते. म्हणजे आमची फियाट ना नवी, ना मानाची जुनी. घरातल्या मधल्या पोरासारखी.

बाबांना सांगितलं तर त्यांची वेगळीच हरकत.

‘‘आवाज मारलास तं कलनार कसा, गारी जित्ती हाय का मेली?’’

‘‘बाबा, तुम्हाला तसाही आवाज कळत नाही.’’

‘‘कानानी नाय कलत. ढुंगनानी कलतो.’’

आई हसून लोटपोट झाली. पण बाबांनी अट घातली ती घातलीच. पत्रा गप्प करायचा, इंजिन नाही. नंतर काम करताना मला समजलं की या कामाचं सगळं शहाणपण त्या एका अटीत होतं. आणि ते एकही शीट न बघता त्यांनी सांगितलं होतं.

फियाटचं पत्र्याचं अंग सगळं एकसंध. खाली वेगळी चासी नाही, अंगच चासी. इटलीतल्या ११०० गाडीचं हे रूप. आपल्याकडं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनायची. १९६४ साली ती ‘फियाट ११०० डिलाइट’ होती, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. अशा एकसंध गाडीत इंजिनाची आणि रस्त्याची थरथर पत्र्यातून सगळीकडं पोचते. त्यात छत म्हणजे सगळ्यात मोठा, मधे टेकू नसलेला एकच पत्रा. ढोलाचं कातडंच ते. पाऊस पडला की आत बसलेल्याला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही.

आधी कापडाचा शोध. पनवेलच्या एका दुकानदारानं सांगितलं, हल्लीच्या गाड्यांसारखं फोमवालं कापड थेट पत्र्याला चिकटवून देतो, एका दिवसात काम. मी नको म्हटलं. फियाटचं छत चिकटवायचं नसतं, टांगायचं असतं. कापडाच्या वरच्या अंगाला परकराच्या नेफ्यासारखे नेफे शिवलेले असतात. प्रत्येक नेफ्यातून एक वाकवलेली लोखंडी सळी जाते, आणि सळीची टोकं छताच्या दोन्ही कडांच्या भोकांत बसतात. कापड आणि पत्रा यांच्यात चार बोटांची पोकळी राहते. ती पोकळीच उन्हापासून आणि आवाजापासून अर्धं काम करते. कापड पत्र्याला चिकटवलं की ती गेली.

टांगून शिवणारा माणूस अखेर कुर्ल्यात सापडला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या सीटा आणि छतं शिवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. ज्यांनी ती टॅक्सी पाहिली आहे त्यांना ती छतं आठवत असतील. फुलाफुलांची, हिरवी-लाल, कुठं मखमलीसारखी. बाहेरून सगळ्या टॅक्सी एकसारख्या, आतून एकीसारखी दुसरी नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. मी गेलो ते २०२४च्या एप्रिलात. दुकान कसलं, फुटपाथला लागून एक शिलाई मशीन. म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत होते. रिक्षाच्या सीटांची कव्हरं शिवत बसलेला. मी पद्मिनीचं छत म्हटल्यावर त्यानं मशीन थांबवलं, मागच्या भिंतीवरून खाकी पुठ्ठ्याचा फर्मा काढला आणि फुंकर मारून धूळ उडवली. पुठ्ठ्याच्या कडा हाताळून हाताळून कापडासारख्या मऊ झालेल्या.

‘‘फेकने वाला था,’’ म्हणाला. ‘‘दिवाली में.’’

रंग कोणता, विचारलं. मी मूळचा, पांढरा, बारीक भोकाभोकांचा सांगितला. तो जरा नाराज झाला. त्याच्याकडं मोराच्या पिसाऱ्याचं एक रेक्झिन पडून होतं, ते त्याला खपवायचं होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं.

मे महिन्यात अंगणात काम काढलं. मे यासाठी की उन्हानं रेक्झिन मऊ होतं आणि ताणून बसतं. पुढची आणि मागची काच रबरासकट काढावी लागते, कारण कापडाच्या कडा त्या रबराखाली दडपलेल्या असतात. ते काम गावातल्या डेंटरनं केलं. मग दिवा, सावलीच्या फळ्या, आरसा. मग कापड पुढून मागं सोडवत न्यायचं. प्रत्येक सळी काढली की तिला चिकटपट्टीनं आकडा लावायचा. या सळ्या दिसतात सारख्या, पण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. एक उलटसुलट झाली तर नवं कापडही पोट काढतं.

शेवटची सळी सोडवली आणि मागच्या काचेवरच्या कोपऱ्यातून काहीतरी ढिगानं खाली आलं. उंदराचं घर. कापूस, सुतळी, लग्नपत्रिकेचे सोनेरी तुकडे, आणि तूस. भाताचं तूस, ओंजळभर. काही दाणे अख्खे.

आई पाटीत गोळा करायला लागली, मग थांबली. जासईत आमच्या खाचरात भात होऊन वीस वर्षं झाली असतील. १९७० साली नव्या मुंबईसाठी आमच्या गावांची जमीन कागदावर गेली. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यांनी गेली. कुठं भराव पडला, कुठं कंटेनरचं आवार झालं, आणि जिथं अजून पडला नव्हता तिथं लोक पिकवत राहिले. आमचं शेवटचं खाचर खारीत होतं. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालून केलेली जमीन ती. तिथं कुठलंही भात होत नाही. जुन्या काळी राता लावायचे, खारं पाणी सोसणारं, तांबड्या तांदळाचं. नंतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं काढलेली वाणं आली, पनवेल १, पनवेल २ अशी. भरल्या पोत्याला फियाटची मागची सीट ही हक्काची जागा होती. उंदीर बहुतेक पोत्याबरोबरच आला असणार.

बाबांनी एक दाणा नखानं सोलला. आतला तांदूळ पिठूळ झालेला. तूस काळपट होतं. ते काळ्या राताचं, की नुसतं जुनं होऊन काळं पडलेलं, हे त्यांनाही सांगता येईना. त्यांनी तो तळहातावर धरून आईला दाखवला. तिनं नाक मुरडलं, ‘‘मुताचा वास येतय त्याला.’’ आणि पाटी उकिरड्यावर नेऊन ओतली. मी एक-दोन दाणे ठेवावेत असं म्हणणार होतो. पण तिच्यापुढं तसलं काही बोलायची सोय नाही.

खाली जमिनीवरचं मॅटिंग उचललं तर त्याखालचं तागाचं नमदं ओलं. पाऊस नाही, काही नाही, तरी ओलं. आमची हवा खारी. नमदं ती ओल धरून ठेवतं आणि पत्रा खालून नाही, वरून सडतो. ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्र्याला चाळणी झाली होती. डेंटरनं दोन ठिगळं मारली, रेड ऑक्साइडचा हात दिला. जुना ताग पुन्हा घालायचा नाही एवढं तिथंच ठरलं.

आता आवाजाचं काम. लोकांना वाटतं शीट लावली की आवाज बंद. तसं नसतं. आवाज तीन वाटांनी आत येतो आणि तिन्हींवर औषध वेगळं. एक म्हणजे भोकं. इंजिन आणि आतली जागा यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी जातात, स्टिअरिंगचा दांडा जातो. त्या भोकांची रबरं झिजून गेलेली असतात. दारांची रबरं चपटी झालेली असतात. पावसाचं पाणी जिथून शिरतं तिथून आवाजही शिरतो. हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं. मी आधी तेच केलं. दारांची रबरं बदलल्यावर दार लावताना होणारा ‘ठण्ण’ गेला, ‘धप्प’ आला. दुसरी वाट पत्र्याची थरथर. तिला लागते ब्यूटाइलची शीट. ब्यूटाइल म्हणजे एक प्रकारचं चिकट रबर, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. खालचा पत्रा हलायला लागला की मधलं रबर दोन पत्र्यांच्या मधे घासलं जातं आणि हलण्याची ताकद तिथंच जिरते, बारीकशी ऊब होऊन. तिसरी वाट म्हणजे जो आवाज आत आलाच, तो कापडाकापडांत अडकवायचा. त्याला फोम, गाद्या, मॅटिंग. गाडीत माणसं भरलेली असली की ती सुद्धा.

डांबराची शीट ब्यूटाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. पण मे महिन्यात छताचा पत्रा तव्यासारखा तापतो. डांबर मऊ होऊन सुटतं, कापडावर पडतं आणि वास मारतं. छताला ते अजिबात लावू नये. आणि दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नयेत. दोन वर्षांत दार सडतं.

मग शीट लावायची कुठं? सगळ्या पत्र्याला लावायची गरज नसते. कडा तशाही ताठ असतात. जिथं पत्रा जास्त हलतो, साधारण मधोमध, तिथं तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बसते. हे कळण्याची रीत म्हणजे बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. पत्रा ‘टण्’ वाजला की तिथं लावायची, ‘टप्’ वाजला की पुढं जायचं. मी वाजवत होतो, खडूनं फुल्या मारत होतो. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. मग उठून आले आणि छताला बाहेरून उजवा तळवा लावला.

‘‘वाजव.’’

मी आतून वाजवलं.

‘‘फुरं.’’

पुढं वाजवलं.

‘‘हितं नको. आंगठ्याखाली मार फुली. मोठी मार.’’

क्रशरचं बेअरिंग बिघडायच्या आधी बाबा हात लावून सांगायचे, हे मी लहानपणी खाणीवरच्या माणसांकडून ऐकलं होतं. त्या आवाजात कानाचा कुणाला उपयोगच नव्हता, हाताचाच. मालक त्यांना रात्री घरी बोलवायला माणूस पाठवायचा. ते सगळं मला दंतकथेसारखं वाटायचं. त्या दुपारी ते माझ्या फुल्या खोडत गेले आणि नव्या सांगत गेले. छतावर मी अकरा जागा धरल्या होत्या, त्यांनी सात ठेवल्या. त्यांतल्या दोन मला सापडल्याच नव्हत्या, कारण तिथं आवाज जाड होता पण पत्रा जास्त हलत होता. शीट लावून रोलरनं दाबली की पुन्हा तळवा. ‘‘हां, मेली,’’ म्हणायचे, म्हणजे थरथर. खाली जमीन, चार दारं, डिकीचा तळ, असं दोन दिवस चाललं. मी आतून ठोकतोय, ते बाहेरून हात ठेवून सांगताहेत. अॅल्युमिनियमच्या धारेनं माझी बोटं कापली. सगळं मिळून वजन वीस किलोच्या आत राहिलं. इतक्या लहान इंजिनाच्या गाडीला तेही विचारात घ्यावंच लागतं.

इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही. भोकं बुजव, म्हणाले, पत्रा राहू दे. अट ती अट.

चाचा रविवारी लोकलनं आला, कापडाची वळकटी काखेत. सीवूड्सवरून उरणची गाडी आता थेट आमच्या भागात येते, जानेवारी २०२४ पासून. त्याला त्याचं फार अप्रूप. ‘‘पहले इधर कौन आता था?’’ बाबांना त्याचं बोलणं ऐकू गेलं नाही हे बरं झालं. त्यानं कापड तासभर पत्र्याच्या शेडवर उन्हात टाकलं. नेफ्यांत सळ्या घातल्या, माझे आकडे न बघता, नुसत्या बोटांनी बाक चाचपून. मधून सुरुवात केली. आधी मागं ताणलं, मग पुढं, मग बाजू. मी जोरात ओढायला गेलो तर हातावर चापट मारली.

‘‘खींचने का नहीं. बिठाने का.’’

कडांना गोंद, गोंदावर चिमटे, चिमट्यांवर वीस मिनिटं. तेवढ्यात चहा. एक सुरकुती मागच्या डाव्या कोपऱ्यात राहिली. त्यानं गोंद सोडवून ती काढली, पुन्हा बसवलं, तर ती उजवीकडं आली. तिसऱ्यांदा त्यानं ओला पंचा फिरवला आणि गाडी तोंड फिरवून उन्हात लावायला सांगितली. चार वाजता सुरकुती नव्हती. मजुरी त्यानं ठरली तेवढीच घेतली. फर्मा मात्र माझ्या हातात दिला. मला शिवता येत नाही म्हटलं. ‘‘तो क्या हुआ,’’ म्हणाला. तो फर्मा आमच्या माळ्यावर आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात करंजाला आत्याकडं जायचं निघालं. आत्याची पडल्याची बातमी होती, माकडहाड दुखावलेलं. मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी, आई मागं. फाट्यापर्यंत येईतो पाऊस धरून आला, मग धो धो. छतावर पडत होता, पण आता तो बाहेर पडत होता. आवाज होता, लांबचा, शेजारच्या घराच्या कौलांवर पडावा तसा. इंजिन पुढं नेहमीसारखं घुरघुरत होतं. बाबांनी डावा हात डॅशबोर्डवर ठेवला होता, उजव्या हातानं खिशातून मशीन काढून कानात घातलं. मी काही बोललो नाही.

दास्तान फाट्यापाशी ट्रेलरची रांग लागली होती. आम्ही थांबलो. १६ जानेवारी १९८४ला या फाट्यावर गोळीबार झाला. जमिनीच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आले होते, दि. बा. पाटील त्यांचे पुढारी. ते आमच्या जासईचेच. त्या दिवशी इथं दोघं गेले, दुसऱ्या दिवशी नवघरला तिघं. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचं तत्त्व त्या पाच जणांच्या रक्तातून आलं. हे आमच्याकडं प्रत्येक पोराला पाठ असतं, दरवर्षी सोळा जानेवारीला भाषणांत ऐकलेलं असतं. बाबा त्या दिवशी इथं होते एवढंही मला माहीत होतं. त्यापुढं कधी काही नाही. मी विचारलं नव्हतं असं नाही. घरात विचारलं की उठून बाहेर जायचे. गाडीत विचारलं की मान हलवायचे.

वायपर फिरत होते. बाबा समोर बघत म्हणाले, ‘‘पयला बार झाला तवा माना वाटला खानीत सुरुंग उरवला.’’

मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

‘‘आमी तिघं खानीवालं होतो. तिघांनाबी तसाच वाटला. दुपारची येल, सुरुंगाचीच येल. आमी हललोच नाय. बाकीचं पलालं, आमी हुबं. मंग एकानी माजा हात वरला.’’

ट्रेलर थोडा पुढं सरकला. मी गाडी पहिल्या गिअरला टाकली.

‘‘दुपार कसली?’’ मागून आई म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, ओरडून नाही. ‘‘सांजंला आयलास तू घरा. पायान चपला नव्हत्या.’’

बाबा वळले. मानेनं नाही, कमरेतून अख्खे वळले आणि मागच्या सीटकडं बघितलं.

‘‘व्हत्या,’’ ते म्हणाले. ‘‘येक होती.’’

‘‘येक होती म्हंजे नव्हत्याच ना?’’

‘‘येक हातान होती. तू बगलीच नाय. तू रडत होतीस.’’

‘‘मी रडत नव्हती. मी भात शिजवत होती, धूर होता.’’

नवघर येईपर्यंत दोघांचं ते चपलेवरून चाललं होतं.